देव हलले, संसार कोणी बांधला?

आमच्या समाजातील कोणत्याही देवस्थानाची स्मरणिका उघडावी. अध्यक्षांचे मनोगत, देणगीदारांची नावे आणि दोनचार जाहिराती ओलांडल्या की इतिहासाचे प्रकरण लागते, आणि त्या प्रकरणात एक वाक्य थोड्याफार फरकाने हटकून भेटते. परकीयांचा छळ असह्य झाला तेव्हा महाजनांनी एका रात्री देव उचलला, नदी ओलांडली आणि अंत्रुज महालात त्याची पुनःस्थापना केली. वाक्य संपले की लगेच नव्या देवालयाचे शिखर, दीपमाळ, सभामंडप, चौकातील तळी आणि वार्षिक उत्सव यांचे वर्णन सुरू होते. मूळ गावापासून नव्या गावापर्यंतचा सारा प्रवास एका क्रियापदात उरकलेला असतो: उचलला.

गेली काही वर्षे आम्ही अशा स्मरणिका, स्थलमाहात्म्ये आणि उत्सवप्रसंगीची कथानके बऱ्याच संख्येने वाचली. काही प्रसंगी व्यवसायामुळे, बरीचशी आवडीमुळे. हे वाङ्मय लहान नव्हे. मराठीत लिहिले जाते, हल्ली कोकणीतही लिहिले जाते, आणि आमच्या घराघरांत कादंबरीपेक्षा अधिक आदराने जपून ठेवले जाते. असे असता त्याची समीक्षा म्हणून कोणी करीत नाही. करणे म्हणजे देवाविषयी शंका घेणे, अशी एक चुकीची समजूत आहे. देवाविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते त्या एका क्रियापदाविषयी.

घटना काय घडली ते थोडक्यात सांगून मोकळे होऊ, कारण ती आमच्या वाचकांस पाठ आहे. तिसवाडी १५१० पासून पोर्तुगीजांकडे होती. बार्देश आणि साष्टी १५४३ त त्यांच्याकडे गेली. त्या वेळची साष्टी आजच्या मुरगाव तालुक्यास पोटात घेऊन होती. १५६० हे वर्ष विशेष कठीण आले. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि व्हाइसरॉय कॉन्स्तांतीनु द ब्रागांसा याच्या हुकमाने अनेक ब्राह्मणांना पोर्तुगीज मुलखाबाहेर घालविण्यात आले. त्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास, सांखवाळचा नृसिंह वेलिंगास, मडगावचा दामोदर जांबावलीस. फोंड्याच्या बाजूचा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता, म्हणजे एका परधर्मी सत्तेपासून निघालेला देव दुसऱ्या परधर्मी सत्तेच्या आश्रयास गेला. स्मरणिका हे वाक्य सहसा लिहीत नाहीत, पण ते खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता ते क्रियापद. देव उचलला म्हणजे काय केले? एक शिवलिंग किंवा एक मूर्ती कापडात गुंडाळून होडीत ठेवता येते, हे मान्य. पण देवाबरोबर माणसे निघाली, आणि माणसे निघतात तेव्हा संसार निघतो. पावसाळा तोंडावर असेल तर घरात वर्षाचे भात साठविलेले असणार. ते मुड्यांत बांधले, की टाकले? भाण्यातले पाणी ओतून ते तांब्याचे अवजड भांडे होडीत चढविले, की विहिरीत सोडले? दगडी वान आणि रगडा तर कोणासच हलविता येणार नाहीत. मग नव्या गावात पहिल्या दिवशी वाटण कशावर वाटले? बाळंतीण होती का? म्हातारी माणसे निघावयास तयार होती का? गोठ्यातील गाय नदीपार कशी नेली? ज्या घरातून एक भाऊ निघाला आणि एक राहिला, त्या घरातील भांडी कोणी वाटून घेतली? अशी घरे असंख्य होती. राहिलेल्याचे नाव पुढे बदलले, गेलेल्याचे राहिले. दोघांची आजी एकच होती. या प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री सापडणार नाहीत, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमची तक्रार उत्तरे नाहीत ही नसून प्रश्न नाहीत ही आहे. चार शतके ही कथा सांगितली जात आहे, आणि सांगणाऱ्यास एकदाही बिऱ्हाडाची आठवण होऊ नये, हे वाङ्मयदृष्ट्या मोठे व्यंग आहे.

हे व्यंग नवे नाही. १७२१ तील 'कोंकणाख्यान' हा आमच्या समाजाच्या पूर्ववृत्ताचा ओवीबद्ध मराठी ग्रंथ. त्याच्यापुढे आजच्या स्मरणिकांनी नम्र व्हावे इतकी त्यात गावांची, कुळांची आणि देवतांची माहिती आहे. पण त्याची दृष्टीही कुळावर आणि क्षेत्रावर. चूल त्याच्या कक्षेत नाही. अठराव्या शतकातील आख्यानकाराकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. मात्र त्यानंतर मराठी गद्याने तीनशे वर्षांत बरेच काही शिकले आहे, आणि ते शिक्षण आमच्या स्थलांतरकथेपर्यंत पोचले नाही, हे म्हणण्यास काहीच हरकत नाही.

गद्य काय शिकले ते पाहावयाचे असल्यास लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढावीत. हे नाव येथे घेतल्याने काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. १८९५ त नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि १९०० साली लक्ष्मीबाईही झाल्या. ज्यांनी धर्म राखण्यासाठी गाव सोडला त्यांच्या कथेस, ज्यांनी धर्म सोडला त्यांच्या पुस्तकाचा दाखला कशास, असे विचारले जाईल. विचारावे. आमचे उत्तर इतकेच की संसार हलविण्याचे दुःख आणि विनोद मराठीत या बाईइतके कोणी जाणलेले नाही, आणि ज्ञान जेथे असेल तेथून घ्यावे. नाशिक, नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी: नवऱ्याच्या लहरीबरोबर हा संसार मांडला गेला, मोडला गेला, पुन्हा मांडला गेला. टिळकांचा स्वभाव असा की घरात असलेले दुसऱ्यास द्यावे आणि नसलेले उद्या येईल म्हणावे. बायकोने जमविलेल्या वस्तूचे आयुष्य किती, याचा भरवसा नाही.

या पुस्तकाची शैली साधी आहे असे सर्वच म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. तिच्यातील साधेपणा हा मोजणीचा साधेपणा आहे. किती पैसे होते, काय विकत घेतले, कोण जेवावयास आले, काय उरले, याचा हिशेब लक्ष्मीबाई कधी सोडीत नाहीत, आणि त्या हिशेबातूनच नवरा, काळ आणि धर्मांतराची उलथापालथ दिसू लागते. मोठ्या घटनेस त्या मोठा आवाज देत नाहीत. आमच्या स्मरणिकाकारास धर्मच्छळ म्हणताच आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढला की भांडी दिसेनाशी होतात. कोणाच्या बाजूने लिहिले याला येथे महत्त्व नाही. लक्ष्मीबाईंना घर सोडतानाची बाई दिसली, आमच्या लेखकांना घर सोडतानाचा समाज दिसला. समाज नावाचा कोणी कधी पेटारा बांधीत नाही.

दुसरे उदाहरण नाटकाचे. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ त रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, वडील तात्याजी वारलेले, मुंबईहून धाकटा सुधीर आणि त्याची बायको अंजली आलेली, तेराव्याच्या जेवणावळीस पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत आहे. या नाटकाविषयी सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास वगैरे बरेच लिहिले गेले आहे आणि ते चुकीचे नाही. आम्हांस मात्र हे नाटक वस्तूंचे वाटते. कोणती वस्तू कोणाची, कोणती विकावयाची, कोणती लपवावयाची, याभोवती ते फिरते. रात्री थोरली वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालून उभी राहते, तो प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. ज्या सोन्यावर तिचा हक्क होता आणि जे तिला कधी घालावयास मिळाले नाही, ते सोने एका रात्रीपुरते तिच्या अंगावर येते. आणि पुढे तेच सोने घेऊन तिची मुलगी रंजू मास्तराबरोबर पळून जाते. आम्ही वकिली करतो. वाटणीच्या शेकडो कागदांपेक्षा या एका प्रसंगाने स्त्रीधन हा शब्द आम्हांस अधिक समजावला.

पण या नाटकातही एक गोष्ट राहिली असे आम्हांस वाटते, आणि थोर कृतीबद्दल असे बोलण्याचा अधिकार वाचकाला असतोच. शेवटी सुधीर आणि अंजली मुंबईस परत जावयास निघतात. खेड्यातून शहरात जाणाऱ्या माणसाच्या सामानात काय असते, हे एलकुंचवारांनी हवे होते तितके दाखविलेले नाही. गावाकडून निघताना पिशवीत काहीतरी घातले जातेच: पापड, लोणचे, थोडी डाळ, भांडण झाले असले तरी. किंबहुना भांडण झाले असेल तर अधिकच. नाटककाराची नजर वाड्यात राहणाऱ्यांवर खिळलेली आहे. जाणाऱ्यांचे बोचके त्याने सोडले. आमची स्थलांतरकथा जाणाऱ्यांची, म्हणून आम्हांस ते अधिक जाणवले असेल.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'चा (१९८०) उल्लेख येथे केवळ ओझरता करतो. त्याच्यावर लिहावयाचे तर स्वतंत्र लेख लागेल. कैकाडी समाजाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर चालते, आणि बिऱ्हाड या शब्दाचा आम्ही स्थावर लोक जो अर्थ करतो तो तेथे उलटा होतो. आमच्याकडे बिऱ्हाड हलविणे ही आपत्ती. तेथे ते न हलणे ही चैन. तात्पुरत्या वस्तीला आम्ही बिऱ्हाड म्हणतो आणि कायमच्या वस्तीला घर. ज्याला घर कधी मिळालेच नाही त्याचा संसार किती वस्तूंचा असतो, हे त्या पुस्तकात वाचले म्हणजे आमच्या महाजनांच्या होड्याही श्रीमंतांच्या वाटू लागतात. कादंबरीकारांचे, विशेषतः सोळाव्या शतकातील गोव्यावर 'तांडव' लिहिणाऱ्या महाबळेश्वर सैलांचे, आम्ही येथे बोलत नाही. त्यांनी हा काळ कल्पनेने उघडण्याचे धाडस केले आहे. आमचा वाद देवस्थानांच्या अधिकृत गद्याशी आहे.

ते गद्य असे का झाले, याचे एक कारण आम्हांस व्यवसायामुळे दिसते. स्मरणिकेतील इतिहास हा बहुतेक वेळा दाव्याची कैफियत असतो. देव कोणी आणला, हे सिद्ध झाले की देवस्थानावर अधिकार कोणाचा, हे सिद्ध होते. पोर्तुगीज राजवटीने १८८६ च्या आणि पुढे १९३३ च्या नियमावलीने गोव्यातील देवस्थानांचा कारभार महाजनांच्या नोंदणीशी जोडला, आणि त्या व्यवस्थेचा सांगाडा आजही उभा आहे. महाजनांची यादी झाली, यादीस मूळ पुरुषांची कथा आवश्यक झाली, आणि कथेतून जे यादीत नाहीत ते गळत गेले. देव उचलला तेव्हा समई कोणी उचलली? पालखीचे दांडे, ढोल, ताशे, शिंगे, उपकरणी यांची बांधाबांध कोणी केली? वाजंत्री, देवळी, भाविणी, कळावंत, गुरव, माळी, मशालची, होडीचे खारवी, यांच्यावाचून एका देवालयाचा एक दिवसही चालत नसे. ते बरोबर गेले असणारच, कारण नव्या जागी देवाची पूजा सुरू झाली असे सर्वच स्मरणिका सांगतात, आणि वाजंत्र्यावाचून पालखी निघत नाही. मग त्यांचे नाव? प्रतिवादीस पक्षकार न करता चालविलेला हा दावा आहे.

आमचे हे म्हणणे काही महाजन मंडळींस रुचणार नाही. आम्हीही महाजन आहोत, म्हणून ते बोलण्याचे धैर्य करतो.

देवाच्या स्थलांतरात कायद्याचा एक सुंदर प्रश्न दडलेला आहे. हिंदू कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती. तिला मालमत्ता असते, ती दावा लावू शकते. मग तिला हलविण्याचा अधिकार कोणाचा? १९२५ त प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा खटला गेला, प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक. सेवेची पाळी भावांत वाटलेली. आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेण्याचा हक्क एकाने सांगितला. लंडनमध्ये बसलेल्या न्यायमूर्तींनी ठरविले की मूर्ती ही टेबलखुर्चीसारखी जंगम वस्तू नव्हे. आपण कोठे राहावे याविषयी देवतेची इच्छा असते आणि ती मानली पाहिजे. देवतेची बाजू मांडण्यास हितसंबंध नसलेला प्रतिनिधी न्यायालयाने नेमावा असे त्यांनी सांगितले. आणि त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमच्या धंद्यातील लोकांचेही सहसा लक्ष जात नाही: घरातील स्त्रियांनाही त्या कामात पक्षकार करावे, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

आता आमच्या स्थलमाहात्म्यांकडे वळावे. तेथे देवाच्या इच्छेची काळजी फार उत्तम घेतलेली असते. देव स्वप्नात दृष्टांत देतो, गाय विशिष्ट जागी पान्हा सोडते, किंवा प्रसादपाकळी उजवीकडून पडते. मगच देव हलतो. दृष्टांताची ही योजना काही लोक भोळेपणाची समजतात. आम्हांस ती न्यायबुद्धीची वाटते. प्रिव्ही कौन्सिलने जे १९२५ त सांगितले ते आमच्या कथाकारांस फार पूर्वीच कळले होते: संमतीवाचून देव हलविता येत नाही. परंतु निकालाचा दुसरा भाग त्यांस कळला नाही. गृहिणीला कोणत्या माहात्म्यात दृष्टांत झाला? तिला कोणी विचारले? देवास कौल लावला, महाजनांची सभा भरली, आणि बायकांना बहुधा संध्याकाळी सांगण्यात आले की रात्री निघावयाचे आहे, काय बांधावयाचे ते बांधा. हा आमचा तर्क आहे. पण ज्यांनी ज्यांनी घरात बदलीचा हुकूम आलेला पाहिला आहे त्यांस तो फारसा धाडसी वाटणार नाही.

जांबावलीचे उदाहरण येथे देण्याचा मोह आवरत नाही. मडगावचा दामोदर जांबावलीस गेला, आणि मडगावकर मंडळी दरवर्षी शिगम्यात त्याच्याकडे जातात. गुलालाच्या दिवशी लोटणारी गर्दी वेगळी. पण पूर्वी आठवडाभर अग्रशाळेत राहण्यासाठी जी कुटुंबे जात त्यांचे सामान पाहण्यासारखे असे. चटया, वळकट्या, शेगडी, तांदूळ, नारळ, विळी, मुलांचे कपडे, आणि म्हाताऱ्यांची औषधे. देव एकदा गेला तो गेला. भक्तांचे मात्र दरवर्षी स्थलांतर चालू. या प्रथेचे वर्णन स्मरणिकांत येते ते 'भक्तजन मोठ्या संख्येने उपस्थित राहतात' या शब्दांत. अहो, उपस्थित राहण्यासाठी आधी चार दिवस कोणीतरी पोहे भाजलेले असतात! मूळ स्थलांतराची एक जिवंत तालीम डोळ्यांसमोर दरवर्षी होत असता लेखकास ती दिसू नये, याला काय म्हणावे?

जे दूर गेले त्यांचीही गोष्ट हीच. कारवार, अंकोला, मंगळूर, कोचीपर्यंत आमची माणसे पांगली. उत्तरेकडे बेळगाव, बडोदे, इंदूर येथे पुढे गेली. कोचीचा मनुष्य चार शतकांनंतर गोव्यात येतो आणि आपल्या कुलदेवतेचे नाव, मूळ गावाचे नाव नीट सांगतो. हे नाव कोणी सांभाळले? पेटाऱ्यात घालण्यासारखी ती वस्तू नव्हे. लग्नकार्यात, ओटी भरताना, कुळाचा नारळ ठेवताना ते उच्चारले गेले म्हणून राहिले, आणि हे विधी घरातील स्त्रियांच्या हाती होते. कुलदेवतेचे नाव हे आमच्या समाजाचे सर्वांत हलके आणि सर्वांत टिकाऊ सामान ठरले. स्थलांतराच्या इतिहासात याला एक प्रकरण पाहिजे होते. निदान एक परिच्छेद.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की दुसरे स्थलांतर चालू आहे आणि तेही न लिहिता संपत आले आहे. देवालयांच्या परिसरातील जुनी घरे बंद होत आहेत. मुले फोंडा, मडगाव, पुणे, मुंबई येथील सदनिकांत, आणि त्याहूनही दूर. घर रिकामे करावयाचे म्हटले की आता सामान बांधून देणारी माणसे येतात, खोकी आणतात, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये कपबश्या गुंडाळतात, आणि एका सकाळी शंभर वर्षांचे घर मोकळे करून देतात. त्यांच्या कौशल्याविषयी आदरच आहे. पण काय न्यावे आणि काय टाकावे हे त्यांना सांगावे लागते, आणि सांगणारा घाईत असतो. फडताळातील मोडीतील कागद, कंदवी लिपीतील जुन्या वह्या, पोर्तुगीज नोटरीचे दस्त, यांची रद्दी होताना आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. 'वाचता येत नाही तर ठेवायचे कशाला?' असा प्रश्न विचारणारे सुशिक्षित होते. पुढील पिढीतील कोणी स्मरणिका लिहावयास बसेल तेव्हा याही स्थलांतराचे एकच वाक्य होईल: कालमानाने कुटुंबे शहरात गेली.

वारसावाटणीच्या प्रकरणांत गोव्यात संपत्तीची यादी करण्याची पद्धत आहे. पोर्तुगीज काळापासूनची ही इन्व्हेंतारची प्रक्रिया २०१२ च्या कायद्यानेही कायम ठेवली. 'काबेस द काझाल' म्हणजे मालमत्तेचा कारभारी यादी दाखल करतो. तीवर हरकती येतात, वारसांत चढाओढीची बोली होते. अशा याद्या आम्ही पुष्कळ केल्या. स्थावर प्रथम, सर्वे क्रमांकासह. मग सोने, तोळ्यांत. मग लाकडी सामान, त्यात शिसवी पलंग असल्यास तो निराळा. स्वयंपाकघराशी आले की कारभारी जांभई देतो आणि आम्ही लिहितो: इतर किरकोळ भांडी. तेव्हा स्मरणिकाकारास हसण्याचा आम्हांस तरी काय अधिकार, हेही मनात येते. त्याचे 'उचलला' आणि आमचे 'इतर किरकोळ' हे एकाच आळसाचे शब्द आहेत.

अशाच एका यादीच्या कामी मागे अंत्रुजातील एका जुन्या घरी गेलो होतो. यजमान वारलेले, घर विकण्याचे ठरलेले, मुलगे बाहेरगावी. कायद्याने निम्म्या मालमत्तेची धनीण असलेली आजी ओसरीवर बसून होती. तिला कोणी काही विचारीत नव्हते. देवघरापाशी आलो तेव्हा पंचायतन, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, यांची नोंद कोणत्या सदरात करावी, याविषयी दोन मुलांत थोडी बोलाचाली झाली. एकाचे म्हणणे, चांदीचे टाक वजनावर घालावे. आम्ही १९२५ चा निकाल आठवून काही सांगू लागलो. तेवढ्यात आजी उठली, आतून पितळी डबा आणि तांदळाचे भांडे घेऊन आली, तळाशी चार मुठी तांदूळ पसरले, एकेक देव वस्त्रात गुंडाळून त्यात बसवीत गेली आणि वरून पुन्हा तांदूळ ओतले. आम्ही विचारले, आजी, तांदूळच का? कापूस चालला नसता?

ती म्हणाली, "तांदळांत दवरल्यार देव आदळनात, आनी वाटेर उपाशींय उरनात."

हे तिला तिच्या सासूने सांगितले होते, सासूला तिच्या सासूने. यादीत आम्ही लिहिले: पितळी डबा, एक, देवांसह. टाकांचे वजन कोणी पुन्हा काढले नाही. तांदळाची नोंद करावयाची राहून गेली. त्यांचा भात नव्या घरात पहिल्या दिवशी नैवेद्यास झाला, असे पुढे कळले.